आगगाडीच्या शेवटच्या डब्याबाबत खुलासा

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग.

अर्जदार : श्रीमती जैबुन्निसा दस्तगीर आतार, उपशिक्षिका, जि. प. प्राथमिक शाळा, चिंचमळा.

विषय : इंग्रजी चित्रपेटीचे सीलबंद कपाट उघडण्याबाबत, तसेच आगगाडीच्या शेवटच्या डब्याबाबत खुलासा.

संदर्भ : १) विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा, दि. १४/७/२००३. २) आपली पत्रे, दि. ४/८/२००३ व दि. २५/८/२००३.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय खुलासा करते, की शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्यावर शाळेला चाळीस रंगीत चित्रांची पेटी मिळाली. सोबतच्या पुस्तिकेत "चित्रे मुलांच्या हातात द्यावीत" असे छापलेले आहे. अर्जदाराने ते वाक्य वाचले आणि खरे मानले. चूक तिथेच झाली.

अर्जदाराकडे तिसरी-चौथीची एकोणतीस मुले आहेत. त्यांपैकी एकानेही आगगाडी पाहिलेली नाही. त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे भीमाशंकरची एसटी. म्हणून अर्जदाराने चित्र क्र. १७, आगगाडी, कात्रीने कापून त्याचे पाच तुकडे केले व पाच मुलांना वाटले. आपला तुकडा कोणाला दाखवायचा नाही, इंग्रजीत विचारत विचारत गाडी जोडायची. "व्हॉट कलर?", "हाऊ मेनी विंडोज?" असा गलका झाला, की मुख्याध्यापक भांडण सोडवायला धावत आले. पेटी पुरेना, तेव्हा टोमॅटोच्या बियाण्यांची पाकिटे, लग्नपत्रिका, पिंपरी पेंढारच्या पाव्हण्यांनी आणलेली ट्रॅक्टरची जाहिरात, असे घरोघरचे कागद मुलांनी आणले. श्रेया नावाची मुलगी दोन वर्षे हजेरीलासुद्धा नुसती मान हलवत असे. तिने पाठीला पाठ लावून बसलेल्या कशिशला पाकिटावरचा टोमॅटो इंग्रजीत सांगितला आणि कशिशने तो न पाहता पाटीवर काढला. "नो, नो, मोअर बिग!" असे श्रेया ओरडली. व्याकरण चुकले होते. अर्जदाराने त्या दिवशी ते सुधारले नाही.

दि. १४ जुलै रोजी विस्तार अधिकारी श्री. हौशीराम डुंबरे यांनी भेट दिली. त्यांनी मुलांना एकही प्रश्न विचारला नाही. चित्रे मोजली, उजेडात धरली, एकदोन हुंगून पाहिली. चित्रांना शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता हे अर्जदार नाकारत नाही. "साहित्य मुलांच्या हाताळणीमुळे खराब" असा शेरा त्यांनी मारला. त्याच दिवशी शेजारच्या शाळेला "अनुकरणीय" म्हटले, कारण तिथल्या पेटीची सुतळीदेखील सुटलेली नव्हती. श्री. डुंबरे यांना इंग्रजीविषयी इतका आदर आहे, की ते स्वतः तिला कधी हात लावत नाहीत. आठवड्याने येऊन त्यांनी सर्व साहित्य कपाटात घातले आणि लाखेचे सील ठोकले. पंचनाम्यात "लग्नपत्रिका, नग अकरा" अशीही नोंद आहे.

पुढे आपल्या कार्यालयाने आगगाडीचा पाचवा तुकडा, म्हणजे शेवटचा डबा, मागितला. तो स्वराज या मुलाने जूनमध्ये आजीला दाखवायला घरी नेला होता. तिथे तो शेळीने खाल्ला. आपल्या पत्रात शेळीच्या मालकाचा जबाब, शेळीचे वर्णन आणि "उर्वरित भाग जमा करणे शक्य आहे काय" याबाबत विचारणा आहे. मालकीण साळुबाई यांचा जबाब असा : "बाई, शेळीला काय ठावं सरकारी कागद हाय म्हून? तिला हिरवा दिसला, तिनं खाल्ला. सायबाला म्हनावं, तुमाला लई काम न्हाई का दुसरं?" शेळी पांढरी, डावा कान चिरलेला, स्वभावाने शांत. उर्वरित भाग तिने दुसऱ्याच दिवशी मेथीच्या वाफ्यात जमा केला असून त्याची पावती घेता आली नाही.

आता दि. २५ ऑगस्टच्या पत्राने कळविले आहे, की दि. १२ सप्टेंबरला जिल्ह्याचे पथक येणार असून मुलांनी चित्रांच्या आधारे "उत्स्फूर्तपणे व निर्भयपणे" इंग्रजी बोलावे. सील पथक येण्याआधी तासभर उघडायचे, पथक गेले की पुन्हा लावायचे. उत्स्फूर्तपणे बोलायची दहा वाक्ये सोबत पाठवली आहेत, ती तोवर पाठ करून घ्यायची. पहिले वाक्य "धिस इज अवर ब्युटिफुल ट्रेन." यात कसूर झाल्यास गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा व दुर्गम भागात बदली.

महोदय, सहा आठवडे झाले. इंग्रजीच्या तासाला मुले कपाटाच्या दाराकडे बघत बसतात. श्रेया पुन्हा मान हलवू लागली आहे. अर्जदाराला याचा संताप येतो, आणि संताप कार्यालयीन भाषेत कसा लिहितात हे तिला माहीत नाही. ती दहा वाक्ये अर्जदार पाठ करून घेणार नाही. श्री. डुंबरे यांनी ती स्वतः पाठ करावीत. पथकापुढे कोणीतरी बोललेच पाहिजे.

या जागी "तरी परवानगी मिळावी ही विनंती" असे लिहायची पद्धत आहे. अर्जदार ते लिहीत नाही. सील आज सकाळी पावणेअकराला तिने स्वतःच्या हाताने तोडले. आत झुरळे निघाली. चित्रे शाबूत होती. शाळा सुटेपर्यंत त्यांतली तीन फाटली. कोणत्या मुलाने फाडली याची चौकशी करू नये, जबाबदारी अर्जदाराची आहे. बदलीचा आदेश शाळेच्या पत्त्यावर पाठवावा.

आपली, एवढी एक आज्ञा सोडून बाकी सर्व पाळणारी,

(सही)
जैबुन्निसा द. आतार
चिंचमळा, दि. २/९/२००३

सोबत : फाटलेल्या चित्रांचे क्रमांक – ४, २२, ३१. (चित्रे जोडलेली नाहीत. ती वर्गात वापरात आहेत.)