पुढच्या चाकाची नळी

ओल्ड टाफो, कुमासी
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९९९

प्रिय पोकुआताई,

आसारेचा नमस्कार. तू आणि छोटी अब्राफी दोघी बऱ्या असाल. टेचिमानची हवा तिला मानवली, खोकला गेला, असं मामांकडून कळलं. बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं आणि मग नीट उतरवून काढलं, म्हणून खाडाखोड दिसणार नाही. शाळा अर्ध्यावर सुटली तरी शुद्ध लिहायची सवय मी सोडलेली नाही.

घरची खबर अशी की आईच्या खोलीचं दार आता कुरकुरत नाही. बिजागऱ्या बदलल्या. दुकानदार चकचकीत पिवळ्या पुढे करत होता. मी खिशातलं लोहचुंबक लावलं तर ते चिकटलं, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. तीन दुकानं फिरल्यावर खऱ्या पितळेच्या मिळाल्या. अंगणातला नळही बदलला. नळ घेताना तळहातावर जोखून बघायचा, हलका लागला की परत ठेवायचा. मामा म्हणाले, त्या खोलीत आता कोण राहतंय, दार वाजलं काय नि न वाजलं काय. त्यांचं बरोबर आहे. तरी मी बदलल्या.

आई असती तर तिने शेजारणींना बोलावून दार उघडझाप करून दाखवलं असतं. "माझ्या आसारेला कुणी खोटा माल विकून दाखवावा," हे तिचं ठरलेलं वाक्य. बाजारातल्या बायका तिच्यामागे त्यावरून तिची नक्कल करायच्या, तुला आठवत असेल.

ताई, मामांनी मला सांगितलं, की वीस तारखेला, शनिवारी, न्यार्को दाजींच्या घरून तुझ्या लग्नात आलेल्या दारूच्या बाटल्या परत पाठवायच्या. बाटल्या परत गेल्या की लग्न संपलं. तू होकार कळवला आहेस. मी त्याविषयी लिहायला बसलो आणि बिजागऱ्यांवर अर्धं पान गेलं.

काही गोष्टी तुला ठाऊक आहेत, काही नाहीत. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आईने ती जुनी गाडी घेतली तेव्हा ठरलं होतं, की दाजी चालवतील, एजुराहून यामचे कंद आणतील, आणि गाडीची दुरुस्ती मी घरीच अंगणात करीन. सुआमेला ड्वोमो मिस्त्रींच्या हाताखाली मी तीन वर्षं काढली होती. शिकवणी चार वर्षांची. चौथ्या वर्षाआधी मीच भांडून निघालो, कारण मला वाटलं की आता ते माझ्याकडून फुकट राबवून घेताहेत. शिक्षण पुरं झाल्यावर मिस्त्री शागिर्दाच्या डोक्यावर पावडर ओततात आणि मित्र त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, ते माझ्या वाट्याला आलं नाही. आईला मी सांगितलं होतं की शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जानेवारीत पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी बदलायला आली. आत ब्रेकचं तेल असतं, पेडल दाबलं की ते त्या नळीतून चाकाकडे जोर लावतं. दाजींनी स्वतःच एक नवी नळी विकत आणली, खोक्यात बंद. मी अंगठा ओला करून खोक्यावर घासला. छपाईचा रंग अंगठ्याला आला, म्हणजे माल डुप्लिकेट. मी आईसमोर म्हणालो, "दाजी, तुम्ही गाडी हाकायची. पार्ट बघायला मी आहे." आई हसली. दाजीही हसले, म्हणाले, "बरं मिस्त्रीसाहेब, चुकलो," आणि खोकं फळीवर ठेवून दिलं.

मी दोन दिवस सुआमेत फिरलो. परदेशातून आलेल्या मोडीच्या गाड्यांचे सुटे भाग जिथे मिळतात, त्या गल्लीत. तुला माहीतच आहे, आपल्याकडे शहाणा माणूस नवा डुप्लिकेट घेत नाही, जुना पण ओरिजिनल घेतो. गिअर असो, बेअरिंग असो, मी नेहमी तसंच केलं आणि कधी फसलो नाही. तशीच एक नळी मला मिळाली. दोन्ही टोकांचं धातूकाम स्वच्छ, कंपनीचा ठसा खोल उमटलेला. रॉकेलने पुसली तेव्हा नव्यासारखी काळी दिसली. मी ती बसवली, तेल भरलं, हवा काढली, पेडल शंभर वेळा दाबून पाहिलं. आई दारात बसून कोंतोमिरेची पानं निवडत होती. ती म्हणाली, पुरे आता, पेडलच झिजवशील.

पुढचं तुला माहीत आहे. फेब्रुवारी, मांपोंगचा उतार, मागे भरलेला माल, पुढे दाजींशेजारी आई. दाजींचं बरगडीवर निभावलं, आईचं नाही.

दाजी शुद्धीवर आल्यावर एकच सांगत होते, की पेडल तळाला गेलं. कुणी ऐकलं नाही. अपघात झालेला प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगतो, असं मामा म्हणाले. शिवाय दाजी गाडी जोरात हाणतात हे साऱ्या टाफोला ठाऊक. तूच त्या सकाळी त्यांना हळू जा म्हणून बजावलं होतंस. दाजींच्या वेगाने आई गेली, असं तू रागाने जे मानलंस ते मानण्यासारखंच होतं, यात तुझी चूक नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते.

तिसऱ्या दिवशी मी आईच्या चपला आणायला जातो असं सांगून, गाडी ओढून ठेवली होती त्या वाड्यात गेलो. चपला आणल्या, तुझ्याच हातात दिल्या. पण आधी मी पुढच्या डाव्या चाकाखाली शिरलो. नळी मधोमध फाटली होती, करंगळीएवढी चीर. मी ती सोडवली आणि शर्टाच्या आत घातली.

मग घराण्याची बैठक बसली. तू कोपऱ्यात काळ्या कपड्यांत होतीस. मामांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "आसारे, गाडीचं काम तुझ्या हातचं. गाडीत काही दोष होता?"

मी म्हणालो, "नाही मामा. सगळे पार्ट ओरिजिनल होते."

हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तोंडातून सहज निघालं. दाजी समोर बाकावर होते, छातीला पट्टा बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते खोकं आठवत होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ते काहीच बोलले नाहीत. मामांनी त्यांचं अंत्यविधीचं कापड परत केलं. जावयाने सासूसाठी आणलेलं कापड परत गेलं म्हणजे घराण्याने त्याला दोषी धरून बाहेर काढलं, हे मी तुला सांगायला नको.

नऊ महिने ती नळी माझ्या गादीखाली होती. मी स्वतःला सांगत राहिलो की दगड लागून फाटली असेल. बाटल्यांचं कळलं तेव्हा मात्र मी नळी आणि फळीवरचं दाजींचं खोकं दोन्ही पिशवीत घालून ड्वोमो मिस्त्रींकडे गेलो. चार वर्षांनी. ते स्टुलावर बसून केळी भाजून खात होते. म्हणाले, "या, पळपुटे. कशाला आठवण झाली?" पण मला बसायला टायर दिला.

त्यांनी माझी नळी घेतली आणि दोन्ही हातांनी वाकवली. वाकवल्यावर त्या गुळगुळीत काळ्या रबरावर बारीक बारीक भेगा उघडल्या, उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या. मी विकत घेताना ती सरळ धरून पाहिली होती. वाकवून पाहिली नव्हती.

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

"आहे ना. कुठल्या तरी थंड देशात दहा-बारा वर्षं वापरलेली ओरिजिनल. लोखंड जुनं चालतं रे. रबर कसं चालेल?"

मी म्हणालो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. ते म्हणाले, "ब्रेक मी चौथ्या वर्षाआधी कुणाच्या हातात देत नाही."

मग त्यांनी दाजींचं खोकं उघडलं, ती नळी वाकवली, ताणली, वास घेतला. हलका माल आहे म्हणाले, डुप्लिकेटच. तरी वर्ष-दोन वर्षं टिकली असती.

ताई, हे वाक्य मी कच्च्या कागदावर पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. ते दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहिता येत नाही. दाजींनी आणलेली खोटी नळी लावली असती तर आई आज असती.

तिथून मी थेट दाजींकडे गेलो. ते एकटेच राहतात, भिंतीवर अब्राफीचा फोटो आहे, चुलीवर एका माणसापुरती हंडी. बैठकीत तुम्ही का बोलला नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी हंडी चुलीवरून उतरवली. मग म्हणाले, "पोकुआची आई गेली होती. त्याच दिवशी तिचा भाऊही काढून घेऊ?" मी तुला लिहिणार म्हटल्यावर त्यांनी मला मना केलं. जेवूनही जा म्हणाले. मी न जेवता निघालो.

मी त्यांचं ऐकलेलं नाही. शनिवारी मामांच्या अंगणात, बाटल्या उचलायच्या आधी, मी सगळ्यांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे. पण तू ते आधी माझ्याकडून वाचावंस, गर्दीतून तुझ्या कानावर येऊ नये. हे पत्र टेचिमानच्या गाडीवाल्याकडे देतो आहे, सोबत दुधाच्या पावडरीचा एक डबा. त्यात नळी आहे. डबा उघडताना अब्राफीला जवळ घेऊ नकोस, पत्र्याची कड हाताला लागते. नळी दोन्ही हातांनी धर आणि वाकवून पाहा. भेगा दिसतील. दाजी खरं बोलत होते, ते तुला कुणाच्या शब्दावर मानावं लागणार नाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. तेवढं मागण्याइतकं माझं काम चोख झालेलं नाही. फक्त बाटल्या जाऊ देऊ नकोस. दाजी अजून दोन माणसांपुरत्या थाळ्या धुऊन ठेवतात, आणि तिसरी छोटी, अब्राफीची.

आईने ज्याचा शब्द कधी तपासून घेतला नाही, तो तुझा भाऊ,
आसारे