बटण दाबून धरा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजी पुन्हा बोटीवर गेले, म्हणजे आता सगळी रोपवाटिका तुझ्या एकटीच्या गळ्यात. इकडची काळजी मात्र करू नकोस, कारण इकडे मी एक पराक्रम करून बसलोय.

मागे आलीस तेव्हा पुढच्या खोलीची दशा पाहिलीसच. टीव्ही, टेप, फोन, निरोप टिपून घेणारी ती डबी, अण्णांच्या घंटेचा खोका, आणि प्रत्येकाची वायर दुसऱ्याच्या पायात. त्यात तुझ्या वहिनीला शाळांच्या गणवेशांची कापणी आखायला कॉम्प्युटर हवा झाला. म्हटलं, इतकी यंत्रं पोसण्यापेक्षा एकच करू या. बंद पडलेल्या एका ऑफिसातून पेटी आणि आतला बोर्ड स्वस्तात उचलला, बाकीचे भाग जुन्या बाजारातून, स्क्रीन तेवढा नवा. आता बातम्या त्याच्यावर, गाणी त्याच्यावर, मापं त्याच्यात, फोनही त्याच्यातूनच. अण्णांच्या उशाशी असलेलं बटणसुद्धा त्यालाच जोडलं. दाबलं की पुढे घंटा होते आणि स्क्रीनवर ‘अण्णा’ अशी ठसठशीत अक्षरं उमटतात. जुनी यंत्रं वाटून टाकली. एवढी जागा झाली की शिलाई मशीन खिडकीशी आलं.

पक्षाघातात गेलेली अण्णांची वाचा अजून नाहीच. उजवा हात तसाच निर्जीव, डावा थोडा हलतो. डॉक्टर म्हणतात, धीर धरा.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
खटपट्या

---

दि. १२ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पराक्रम वाचून हसले आणि मग थोडी धास्तावले. शाळेत असताना तू गजराच्या घड्याळाला पंखा जोडला होतास आणि घड्याळ बंद पडल्यावर अण्णा घामाघूम होऊन उठले होते, ते आठवतं ना? तेव्हा फक्त उकाडा होता. आता त्यांच्याकडे हाक मारायला तोंड नाही, ते एक बटणच काय ते तोंड. एवढी सगळी भिस्त एका डब्यावर नको. जुन्या घंटेचा खोका कोणाला दिला असशील तर परत माग. लाजू नकोस.

तू दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालत्या ठेवतोस, म्हणून तुझ्यावर विश्वास आहे. पण लिफ्टलाही जिना सोबत असतो, हे तूच मला सांगतोस.

वहिनीला सांग, रात्रीचे डोळे फोडून शिवत बसू नकोस म्हणावं. अण्णांच्या कपाळावरून माझा हात फिरव.

तुझी,
ताई

---

दि. २२ मार्च

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, राग मानू नये.

यांचं यंत्र चांगलं आहे. कापणीचं काम निम्म्यावर आलं. पण त्याचं काहीतरी बिनसतंय. पंखा लावला की स्क्रीन लुकलुकतो आणि घंटा होते. मी हातातलं टाकून धावते, तर आत अण्णा गाढ झोपलेले. दचकून उठतात ते माझ्यामुळे. परवा तर आम्ही दोघं मिळून त्यांचं अंग पुसत होतो, बटण उशीवर पडलेलं, तिघांपैकी कोणाचाच हात त्याला नाही, आणि बाहेर घंटा वाजायला लागली. स्क्रीनवर ती अक्षरं, आणि अण्णा तर माझ्या समोर. यांना म्हटलं, मला भीती वाटते. हे हसले, म्हणाले, ढिली वायर आहे, भूत नाही.

जुना खोका भंगारात गेला, असं हे म्हणतात. वन्सं, दिवसातून कितीदा धावू? शिवणीची टाचणीही हाती धरवत नाही. अण्णाही मी आत गेले की त्रासिक बघतात. तुम्ही यांना समजावलंत तर ऐकतील.

कृपालोभ असावा.

आपली,
वहिनी

---

दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वहिनीने तुझ्याकडे गाऱ्हाणं नेलंय, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आता ते मिटलं म्हणून समज.

दोष पॉवर सप्लायचा आहे. त्याला वीज कमी पडली की यंत्राला बटण दाबल्याचा भास होतो. बदलायला हवा, पण चांगला घ्यायचा तर अख्ख्या पेटीपेक्षा महाग, मग स्वस्तात केलं काय? म्हणून लिफ्टची युक्ती वापरली. पोरंटोरं जाता-येता बटणाला हात लावून पळतात, तेव्हा काही लिफ्टना आम्ही सांगून ठेवतो की नुसत्या स्पर्शाला भुलायचं नाही, बोट नीट दाबून धरलं तरच हलायचं. तसंच यालाही शिकवलं. निसटता दाब आला की यंत्र तो सोडून देतं. मी स्वतः अंगठा दाबून धरून पाहिलं, खणखणीत वाजते. अण्णांनाही सांगितलं, बटण दाबून धरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे समजलं असणार.

त्या दिवसापासून एकदाही खोटी घंटा नाही. कर की कौतुक!

लोभ असू दे.

तुझा,
खटपट्या

---

दि. ९ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात उगाच तुमच्या जिवाला घोर लावला. यांनी खरंच दुरुस्त केलं. आता घंटा वाजतच नाही. घरात इतकी शांतता आहे की सुरुवातीला चुकल्यासारखं वाटायचं. गणवेशांचा पहिला गठ्ठा शाळेत पोचलासुद्धा.

अण्णाही शांत झालेत. पूर्वी कूस बदलायला, पाण्याला, पडदा ओढायला बोलवायचे. आता काही मागत नाहीत. मी आपली जेवणाच्या आणि औषधाच्या वेळेला जाते, तेव्हा सगळं बघून घेते. दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं, तरी डोळे मिटून पडलेले असतात. ऊन आवडायला लागलं असेल. मी आत गेले की कधीकधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात रडू लवकर येतं, मनावर घेऊ नका. बटण मात्र सोडत नाहीत. सारखा अंगठा त्याच्यावर, लहान मुलाच्या हातातल्या खेळण्यासारखं. मी ते उशीखाली ठेवू लागले तर हातच मागे ओढून घेतात.

तुमची रोपं कशी आहेत? सवडीने कळवावं.

आपली,
वहिनी

---

दि. १४ एप्रिल, तातडीच्या टपालाने

वहिनी,

मायना लिहीत नाही. रोपं आणायला बाहेरगावी गेले होते, आज परतले तर त्याचं आणि तुझं, दोन्ही पत्रं दारात पडलेली. एकामागून एक वाचली आणि तशीच फोनकडे धावले.

मागे आले होते तेव्हा अण्णांची नखं कापत होते. त्यांनी माझं बोट धरलं. धरलं म्हणेपर्यंत सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. त्यांच्या अंगठ्यात तेवढाच जोर आहे, वहिनी. दाबता येतं, धरून ठेवता येत नाही.

अण्णा शांत झालेले नाहीत.

दुपारपासून फोन लावते आहे. दर वेळी पहिल्याच रिंगला ते यंत्र फोन उचलतं आणि खटपट्याच्या आवाजातला निरोप ऐकू येतो, नाव सांगा, रविवारी ऐकेन. त्याच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, तर तो साइटवर आहे म्हणतात. हे पत्र हाती पडेल तेव्हा मशीनवरून उठ आणि आत जा. बटण तू स्वतः दाबून बघ. ते दाबतात तसं.

ताई

---

दि. २५ एप्रिल

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊनच आत गेले. ऊन तोंडावर होतं. ओठ सुकलेले, चादर ओली, अंगठा बटणावर. मी ते घेतलं आणि हलकेच दाबलं. बाहेर काही नाही. पुन्हा दाबलं. अण्णा माझ्या हाताकडे बघत होते. मग माझ्या तोंडाकडे. वन्सं, मी त्यांना म्हटलं की मला ऐकू येत नव्हतं हो, आणि तिथेच फरशीवर बसले.

कूस वळवली तेव्हा पाठ दिसली. रोज पावडर लावत होते, लालसर आहे म्हणत होते, खालची जखम मला कळलीच नाही. डॉक्टर आले. म्हणाले, भरेल, पण वेळ लागेल, आणि तापावर लक्ष ठेवा. ताप अजून येऊन-जाऊन आहे.

हे संध्याकाळी आले. मी बटण यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, धरून ठेवू नका, नुसतं दाबा. यांनी दाबलं. मग अण्णांच्या पायाशी बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं, लिफ्टचं, पोरांचं, पॉवर सप्लायचं, काही लपवलं नाही. अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. एवढी वळवता येते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता साधी बॅटरीवरची घंटा आणली आहे, तिची वायर कुठल्याच यंत्रातून जात नाही. नुसता अंगठा टेकला तरी वाजते. अण्णा बोलावतात, पाणी मागतात, पडदा दाखवतात. माझ्या हातून जेवतात. पण हे घरात असले की घंटा होत नाही. पहिले काही दिवस मी म्हटलं, योगायोग असेल. रविवारी हे दिवसभर पुढच्या खोलीत कान देऊन बसले होते. एकदाही नाही. हे बाजारात गेले आणि वाजली.

तेव्हापासून कामावरून आले की हे चहा घेतात, चपला घालतात आणि मला सांगतात की जरा जाऊन येतो. कुठे जात नाहीत. काल मी दार उघडून बघितलं. जिन्याच्या पायरीवर बसले होते, आतली घंटा ऐकत. मला म्हणाले, दार लाव आणि आधी त्यांच्याकडे जा.

जमेल तेव्हा या. दोघांसाठीही या.

आपली,
वहिनी