गाळणीतली चमक

मंगळवार, ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बशीतलं तेल उन्हात चमकलं, तिथून माझं सगळं फिरलं. कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हाही इतकं फिरलं नव्हतं.

भावोजींची जुनी गाडी मीच फोटोवाल्यांना घ्यायला लावली, हे तुला ठाऊक आहे. काल ती आमच्या गॅरेजला तेल बदलायला आली. मी खाली झोपून चेंबरचा बोल्ट काढला, तर तेलात कुणी टिकल्या कुटून टाकल्यासारखी चमक. उस्तादांनी चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाले की हा धातू आहे. आता दोनच वाटा: इंजिन उघडायचं, नाहीतर जाड तेल घालून जाम होईपर्यंत चालवायचं. १६ तारखेला, रविवारी, फोटोवाले डोंगरापलीकडे लग्नाचे फोटो काढायला निघणार आहेत. दिवे धरायला त्यांची मुलगी, म्हणजे ती, सोबत. उतारावर इंजिन जाम झालं तर काय होईल ते लिहवत नाही.

माझा संशय चष्मेवाल्यावर आहे. त्याचं दुकान फोटोवाल्यांच्या स्टुडिओला लागून. आत घासायचं मशीन, पायाखाली फ्रेमींचा कीस. तिच्याशी बोलताना सारखा चष्मा काढून पुसतो. ज्याला स्वतःचा चष्मा इतका पुसावा लागतो तो माणूस सरळ नसतो. गाडी त्याच्याच दारासमोर उभी असते, कालही नवं तेल भरून तिथेच परत गेली. झाकण काढून मूठभर कीस आत टाकायला कितीसा वेळ? उद्या त्याची गचांडी धरणार आहे. तोवर भावोजींना विचार, त्यांच्याकडे गाडी असताना असं कधी दिसलं होतं का.

लोभ आहेच, मी पोलीस चौकीत असलो तरी राहू दे.

तुझा
भडक्या


शुक्रवार, ता. ७

चि. भडक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गाडीचं आहे की तिचं, ते दोनदा वाचूनही कळेना. चष्मेवाल्याला त्या मुलीशी लग्न करायचंय, असं मागे तूच कळवलं होतंस. मग ती बसणार त्याच गाडीत तो कीस कशाला टाकेल? प्रेमात पडलेल्याची अक्कल जाते हे मान्य, पण सगळ्यांचीच तुझ्याइतकी जात नाही. बाबांशी भांडून घर सोडताना तू दार असं आपटलंस की त्याची बिजागरी अजून कुरकुरते, असं आई लिहिते. चष्मेवाल्याचं दार काचेचं असेल. जपून.

ह्यांना विचारलं. गाडीचं नाव काढताच पेपर तोंडापुढे आला. पेपरमागूनच म्हणाले की माझ्याकडे होती तोवर घड्याळासारखी चालायची. जाड तेल घाला आणि लौकर कुणाच्या तरी गळ्यात मारा म्हणावं, उघडायच्या भानगडीत पडू नका.

बाकी घरचं ठीक. छोटीचे पुढचे दोन्ही दात पडले, त्यामुळे ती तुला 'मामा'च म्हणू शकते, पूर्वीसारख्या शिव्या देऊ शकत नाही. माझी तारेची मोठी गाळणी गाडी विकायच्या सुमारास गेली ती गेलीच. मी छोटीवर आळ घेतला, तर ह्यांनी मुकाट्याने दोन नव्या आणून दिल्या. लग्न झाल्यापासून न सांगता आणलेली ही पहिलीच वस्तू, म्हणून वापरायला जीव होत नाही.

वेळेवर जेव. लोभ आहे, डोकं थंड ठेवलंस तर वाढेल.

ताई


सोमवार, ता. १०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गचांडी धरली नाही. धरायलाच गेलो होतो, पण चष्मेवाल्याने गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली आणि माझा नंबर काढला. डावा डोळा अधू निघाला. मग मी खिशातली पुडी सोडली आणि त्याच्याच भिंगाखाली आमचा धातू पाहिला. त्याच्याकडचा कीस काट्यासारखा. आमचे चपटे पापुद्रे, काही तांबूस, आणि लोहचुंबकाला निम्मेच चिकटणारे. उस्ताद म्हणाले की हे बाहेरून आलेलंच नाही, आतलं बेअरिंग झिजतंय, आणि आजकालचं नाही.

पण गाडी बघायला मी फोटोवाल्यांना आणि तिला घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा तेल मोजायच्या पट्टीवरचं तेल मधासारखं स्वच्छ होतं. जाडही होतं. तेव्हा खूश झालो होतो. आता वाटतं, ते नुकतंच भरलेलं होतं. जाड तेलात इंजिनचा आवाज दबतो.

ताई, रागावू नकोस. ती गाळणी एकदा शोधशील? माळ्यावर, किंवा भावोजी त्यांचं सामान ठेवतात तिथे. सापडली नाही तर तुझे आणि त्यांचे पाय धरीन. न सापडो.

लोभ या पत्रापुरता तरी आवरून धर.

भडक्या


गुरुवार, ता. १३

चि. भडक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या कानफटात द्यावीशी वाटली. मग स्टूल लावून माळ्यावर चढले. जुन्या टायरच्या पोटात, पोत्यात गुंडाळून ठेवलेली सापडली. जाळीत तेल वाळलंय. बोट फिरवलं तर बोट चमकतं.

ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले की घेणाऱ्याने बघून घ्यायचं असतं, आणि बघायला तुझाच भाऊ आला होता. मी विचारलं, तेल गाळून कळलं होतं ना तुम्हाला, मग त्या मुलीचं तोंड बघून गाडी कशी दिलीत. तर चपला घालून बाहेर गेले. कालपासून आमचं बोलणं छोटीमार्फत चाललंय.

गाळणी सोबत पाठवते. फोटोवाल्यांपुढे ठेव. माझ्या संसाराचं मी बघेन. माझं नाव पुढे करून तू गप्प बसू नकोस. रविवारी ती पोर त्या गाडीत बसता कामा नये.

एकच विचारते, खरं सांग. त्या दिवशी तू तेल नीट पाहिलंस, की तिला?

लोभ आहे म्हणून विचारते.

ताई


शनिवार, ता. १५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लोभाचं वाक्य आधीच लिहून टाकतो, शेवटी सुचायचं नाही. तुझा माझ्यावरचा लोभ असाच राहू दे, आणि तिकडे फारच बिनसलं तर छोटीला घेऊन सरळ माझ्या खोलीवर ये.

तू विचारलंस त्याचं उत्तर: तिला.

आज दुपारी पार्सल मिळालं आणि तसाच स्टुडिओत गेलो. फोटोवाले उद्याचं सामान बांधत होते. मी टेबलावर तेलाची बशी ठेवली, शेजारी गाळणी ठेवली आणि भावोजींसकट सगळं सांगितलं. गाडी उद्या नेऊ नका, इंजिन उघडू द्या, म्हणालो. त्यांनी गाळणी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले की विकली मेहुण्याने, पास केली तू, आता उघडायचं कामही तुझ्याच गॅरेजला. तिघांत वाटून घेतलंत का. माझ्या डोक्यात सणक गेली. तेवढ्यात तिने मोठा दिवा ओढून त्याचा झोत बशीवर पाडला. काळ्या तेलात इतकं चमकत होतं की माझ्या डाव्या डोळ्यालाही दिसलं.

फोटोवाल्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं. मग सरळ होऊन म्हणाले की स्वतःच्या बहिणीचं घर जो असा टेबलावर मांडतो, तो आमच्या घराचं काय करील. गाडी उद्या जाणार म्हणजे जाणार, आणि मी पुन्हा त्या पायरीवर दिसायचं नाही.

ओठांवर काय काय आलं होतं ते तुला कल्पनेने कळेल. सगळं गिळलं. गाळणी उचलून दारापाशी आलो. दाराशेजारच्या खिळ्याला गाडीची किल्ली असते. आत जाताना माझा खांदा लागून ती हललीही होती. आता खिळा रिकामा होता. मागे वळून पाहिलं. तिने दिवा मालवला होता आणि वायर गुंडाळत होती, एकाच हाताने. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

मी बाहेर पडलो आणि दार हळू ओढून घेतलं.

तुझा
भडक्या