लाल दोऱ्याचा चमचा

नानाय,

अमिहानला घेऊन इलोइलोला लिव्हरच्या डॉक्टरांकडे जातेय. संध्याकाळच्या बोटीने येऊ. भात झाकून ठेवलाय, सुकटीला मांजर शिवू देऊ नका.

रक्तात हिपॅटायटिस बी निघालं म्हणून रोहेलियोकडे जायचा माझा व्हिसा कुवेतने नाकारला, अमिहानचा दिला. काल तुम्ही रोहेलियोला फोनवर म्हणालात, "पोरीला एकटीलाच पाठवते." ऐकलं मी. तिचा पासपोर्ट माझ्या पिशवीत आहे. तुमच्या लेकाला बायको-पोर जवळ हवी असतील, तर त्याने इकडे यावं.

हा आजार उष्ट्याने पसरत नाही, हे नर्सने तुमच्यासमोर सांगितलं. तरी माझ्या चमच्याला लाल दोरा बांधलात! तो दोरा मी सोडलाय आणि चमचा घासून सगळ्यांच्या चमच्यांत टाकलाय.

आता शोधा.

लिगाया