तळ्याच्या वाळूचं घर

५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचले. आई बरी आहे, म्हणजे आल्या आल्या मी बोलणी खाल्ली: वाळली आहेस, केस विंचरत नाहीस, दगड तपासत हिंडणाऱ्या बाईला कोण विचारणार. पत्र लिहीत नाहीस म्हणून तुझ्याही नावाने ओरडून झालं.

कामाचं सांगते, कंटाळू नकोस. घरामागच्या डोंगरावर ज्या आडव्या पट्ट्यांवर आपण खेळायचो, त्या जुन्या तळ्याच्या काठाच्या खुणा आहेत. बादलीतलं पाणी उतरत गेलं की कडेला रेघा उरतात, तशा. दहा-एक हजार वर्षांपूर्वी हवा तापली, इतक्या उंचावरही भरपूर पाऊस पडू लागला, वरचा बर्फ वितळून खाली आला. या तळ्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने उडून जाईल त्याहून जास्त पाणी आलं, की ते नुसतं पसरतं. तेव्हा त्याने सगळं पठार गिळलं होतं.

बाबांनी ही जागा निवडली ती सपाट म्हणून, आणि वाळू-गोटे पायाशीच मिळाले म्हणून. गवंडी माणूस, फुकटची वाळू बघून हरखले असतील. ती त्या तळ्याचीच वाळू. काल स्वयंपाकघराच्या भिंतीतून मी नखाने एक शंख काढला. आई हसली, मला हसू आलं नाही. तळं पुन्हा वाढतंय, आणि या वेळी बर्फ फार घाईत आहे. मागचं कुंपण हिवाळ्याआधीच पाण्यात गेलं, हे तिने आपल्याला कळवलंही नाही.

आईला तू घेऊन जा. माझ्याकडे तंबू आहे, घर नाही. आणि ती तुझं ऐकते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.

तुझी,
ठकू


२० मे

चि. ठकू हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वहिनीने कपाळाला हात लावला. दहा हजार वर्षांपूर्वीच्या पाण्याची भीती तू आम्हाला आत्ता घालतेस! लहानपणीही पलंगाखाली अस्वल आहे म्हणून घर डोक्यावर घ्यायचीस.

आईला मी नको म्हणत नाही. पण दोन खोल्या, धाकटीची परीक्षा, वहिनीची कंबर. आई झोपणार कुठे, ते तूच सांग. उन्हाळा सरू दे, मग बघू. आईलाही तसं कळवलं आहे: ठकू राईचा पर्वत करते, घाबरू नकोस, आहेस तिथे सुखात राहा. तिचं लगेच उत्तर आलं, बरं म्हणून.

बाबांच्या हातचं घर आहे, असं तसं नाही पडायचं. रागावू नकोस, तब्येतीला जप.

तुझा,
दादा


२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी वर बर्फाच्या मोजणीला निघाले आहे, म्हणून चार ओळीच. पाणी अंगणाच्या पायरीशी आलं आहे. परीक्षा पुन्हा देता येते रे. आईला ने.

ठकू


१८ जुलै

चि. दादा व चि. ठकू यांस,
अ. उ. आ.

घर गेलं. आधी अंगण, मग स्वयंपाकघराची भिंत. कोसळली म्हणावं तर आवाजही झाला नाही, ओली वाळू होऊन खाली बसली. मी वरून बघत होते. खूप रडले, खोटं कशाला सांगू.

मला काही झालेलं नाही. ठकू, तू दाखवलेली सगळ्यात वरची रेघ मी ध्यानात ठेवली होती. तिच्याही वर शिंपीणबाई राहतात. दादाचं पत्र आलं, त्याच दिवशी त्यांच्याशी बोलून ठेवलं. मी काजं-बटणं करते, त्या कोपऱ्यात जागा देतात. सुईत दोरा मात्र मला त्याच ओवून देतात, त्यावरून रोज चिडवतात.

दादा, मनाला लावून घेऊ नकोस. घाबरू नकोस असं तू लिहिलंस, तेव्हाच मला कळलं की माझी सोय मलाच बघायची आहे. वहिनीच्या कमरेला शेक द्या.

जुन्या पत्त्यावर आता पत्र टाकू नका, तिथे पोस्टमनला उभं राहायला जमीन नाही. आणि धावपळ करून मला न्यायला येऊ नका. मे महिन्यात दोघांपैकी एकाने नुसतं चल म्हटलं असतं, तरी मी आले असते.

आशीर्वाद आहेतच.

आई