गळती दोन प्रकारची असते

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे (विचारणारं कोणी नसलं की तब्येत आपोआप ठणठणीत राहते). गेल्या महिन्यात फोन करून तू पाण्याचा जार बंद केलास, त्याचा राग नाही. घरी शुद्धीकरणाचं यंत्र बसवलंस, उत्तम. पण हिशेब हिशेबाच्या जागी.

महिन्याच्या सुरुवातीला माझी गिऱ्हाइकं चाळीस. त्यांतली तुझ्यासकट चार गेली, म्हणजे गळती दहा टक्के. तुझे जावई (पदवीधर!) म्हणाले, "मामा, चार गेले, पाच नवे आले, मग गळती कुठंय?" अहो जावईबापू, फुटकी बादली नळाखाली धरली म्हणून भोक बुजतं का? नवे आलेले वेगळे मोजायचे. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच बसवलं. शिवाय पैशाची गळती निराळी. गेलेल्यांत एक व्यायामशाळा होती, तिनं एकटीनं उत्पन्नाचा पाचवा हिस्सा नेला. उलट दातांच्या डॉक्टरीणबाई गेल्या नाहीत, पण आठवड्याला तीन जारांवरून एकावर आल्या. माणूस जागेवर, पैसा गळाला.

आता आकड्यामागं कारण हवं, म्हणून गेलेल्यांच्या दारी स्वतः गेलो. शिंपी आधी पाणी छान, भाव रास्त, असं गुळमुळीत बोलत राहिला. मी खुर्ची ओढून खोदून विचारायला लागलो, तेव्हा कात्री खाली ठेवून म्हणाला, "काका, जार ठेवायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही तासभर बसता." व्यायामशाळेच्या मालकानं मला येताना बघून भरदुपारी शटरच ओढलं (मी बराच वेळ बाहेर थांबलो, तो मागच्या दारानं गेला असावा). तिसऱ्याच्या दाराला कुलूप, बिऱ्हाडच हललं होतं. आणि डॉक्टरीणबाईंचा एक जार म्हणजे आठवड्यातून माझी एकच खेप, एकच बैठक, हे परतीच्या वाटेवर उमगलं.

चौथी तू. तेव्हा तुझंही उत्तर हवं. यंत्र घेतलंस ते पाण्यासाठी की माझ्यासाठी, स्पष्ट लिही. मला वाईट वाटेल म्हणून खोटं लिहू नकोस, आकडा बिघडतो.

तुझा भाऊ

ता. क. तुझ्याकडून मी पैसे कधी घेतलेच नाहीत, त्यामुळे उत्पन्नाच्या गळतीत तू शून्य. जावई म्हणाले, सासूबाईंना वगळा, टक्का सुधारेल. नाही वगळलं.

आणखी एक ता. क. त्या यंत्राची गाळणी अधूनमधून उघडून धुवावी लागते, आणि भाऊजींच्या हातून ते व्हायचं नाही. रविवारी येऊ का? बसायचा नाही, उभ्याउभ्याच करीन.