हसण्याचं कारण

भेस्तान, सुरत
८ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

इकडे मी आणि चेतनदादा खुशाल आहोत. तिकडची खुशाली एका ओळीत उरकू नका, सविस्तर कळवा.

परवा फोनवर मी घसा फोडून सांगत होते की दुसरं सत्र सुरू झालं, आणि तुम्ही म्हणालात, छत्री घरातच आहे! मागे माय हसत होती ते मला ऐकू आलं. दादा म्हणाला, उभा जन्म सुरतेत लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला फोन कसला करतेस, पत्र लिही, शेजारी तरी सुखाने झोपतील. म्हणून हे पत्र.

तर आबा, छत्री नव्हे, सत्र. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवारी जो पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे, त्याचं नाव ‘कामाच्या ठिकाणची समता, विविधता आणि समावेशन’. बाई असो, अपंग असो, कुठल्याही गावचा-जातीचा माणूस असो, कामावर सगळ्यांना सारखी वागणूक आणि सारखी संधी कशी मिळेल, ते यात शिकवतात. आता प्रकल्प करायचा आहे. आपण जिथे नोकरी करतो तिथे एक बदल सुचवायचा आणि करूनही दाखवायचा.

मी ठरवलं आहे. आमच्या इच्छापोरच्या मिलमध्ये साड्यांच्या चेकिंगला चंचल नावाची मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. पण नजर अशी की टेबलावरून साडी सरकते न सरकते तोच डागावर बोट. चेकिंगचे इनचार्ज बाबुराव दिवाळीला निवृत्त होतायत. त्यांच्या जागी चंचलला बसवायचं, असा मी शेठकडे प्रस्ताव दिला आहे. शेठ डोकं खाजवत आहेत.

आणि हो, मे महिन्यात आमचा पदवीदान समारंभ आहे. तुम्ही आणि माय यायचंच.

मायला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा, अक्षर मात्र जरा मोठं काढा.

तुमची,
वर्षा

---

पारोळा
२२ सप्टेंबर २०२४

चि. वर्षा हिला आबाचे आणि मायचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘समावेशन’ हा शब्द वाचून मला आधी वाटलं, शिवणकामातला काही प्रकार असावा. मायला वाचून दाखवलं, तर ती शेजारच्या इंदुबाईला जाऊन सांगून आली की आमची वर्षा सगळ्यांना सारखं कसं द्यायचं ते शिकते. आता इंदुबाईच्या दोन सुनांचं चुलीवरून भांडण आहे आणि तू आलीस की निवाडा करणार, असं गल्लीभर झालं आहे. तयारीने ये.

चंचलचं वाचून छाती फुगली. बनवच तिला इनचार्ज! शेठ नाही म्हणाला तर सांग, माझा बाप येऊन बोलेल. तो काय म्हणतो ते मला ऐकू येणार नाही, म्हणजे भांडणात मीच जिंकणार.

समारंभाचं मात्र जमेलसं दिसत नाही. म्हैस व्यायला झाली आहे. तिला टाकून कसं निघणार? मायला पाठवतो.

चेतनला म्हणावं, बापाची थट्टा करण्याआधी स्वतःच्या लग्नाचं बघ.

तुझ्यावर जीव आहेच, वेगळं काय लिहू.

आबा

---

भेस्तान, सुरत
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

म्हैस सप्टेंबरात व्यायला झाली आणि समारंभ मे महिन्यात. आबा, म्हैस आहे की हत्तीण? दादाने हे त्याच्या कापड मार्केटात सांगितलं, पर्वत पाटियाच्या अर्ध्या दुकानांत आता तुमची म्हैस प्रसिद्ध आहे.

पण माझंही हसं होऊन बसलं आहे, ते सांगते. शेठ तयार झाले. दाराची घंटी वाजली की दिवा लागेल, अशी सोयही केली. पाडव्यानंतर कामं सुरू झाली त्या दिवशी मी पेढे आणले, सगळ्यांना गोळा केलं आणि चंचलच्या हातात नेमणुकीचा कागद ठेवला. तिने वाचला, घडी केली आणि मला परत दिला. मग मोबाइलवर लिहून दाखवलं की इनचार्ज म्हणजे दिवसभर व्यापाऱ्यांशी कटकट, मला माझं टेबल आवडतं. आणि खाली आणखी एक ओळ, मला विचारलं होतं का?

नव्हतं विचारलं, आबा. शेठला विचारलं, अभ्यासक्रमाच्या सरांना विचारलं, तुम्हाला कळवलं. तिला तेवढं राहिलं. शेठ माझ्याकडे बघत होते. बाबुराव शांतपणे दुसरा पेढा खात होते.

रिक्षात रडले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्या शेजारी बसले आणि लिहून विचारलं की तुला काय हवं आहे. तिने डबा बाजूला ठेवून मोबाइल उचलला. मग लिहिलं की जेवताना सगळ्या हसतात, मी विचारते काय झालं, तर म्हणतात काही नाही, नंतर सांगू. ते नंतर कधी येत नाही. एवढी वर्षं इथे आहे, पण यांच्यातला एकही विनोद मला माहीत नाही.

यावर प्रकल्प कसा लिहायचा ते कळत नाही. माझी आठवण काढत असालच, जास्त काढा.

तुमची,
वर्षा

---

पारोळा
१ डिसेंबर २०२४

चि. वर्षा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्यावर बसून वाचलं. वाचून झाल्यावर माझं तोंड बघून मायने विचारलं, काय लिहिलं पोरीने? मी म्हणालो, काही नाही, नंतर सांगतो. आणि म्हणून झाल्यावर माझा मीच चपापलो. मग तिला पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. ती आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, मनी पोर शहाणी शे, पण घाई भलती.

आता म्हशीचं सांगतो. ती कधीच व्याली, रेडी झाली. खरं कारण वेगळं आहे. मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या भूपेंद्रच्या पोरीच्या हळदीला गेलो होतो. माणसं बोलत बसली होती. मी नेहमीसारखा त्यांच्या तोंडांकडे बघून बसलेलो. एकाचे ओठ फाकले, मला वाटलं हसला, म्हणून मीही मोठ्याने हसलो. तो आपल्या भावाच्या आजारपणाचं सांगत होता. पोरी, त्यानंतर मला गर्दीत बसवत नाही. कान गेले त्याचं एवढं नाही वाटत. चुकीच्या जागी हसलो तर काय, याचीच धास्ती वाटते.

तुझ्या मोठ्या लोकांच्या समारंभात मी फोटोतल्या आजोबांसारखा बसणार. त्यापेक्षा इथे बरा. राग मानू नकोस.

आबा

---

भेस्तान, सुरत
२० एप्रिल २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ते पत्र उशाशी ठेवलं होतं. मध्ये सुट्टीत येऊन गेले तेव्हा समारंभाचा विषय मुद्दाम काढला नाही. आज काढते.

आधी बातमी. प्रकल्प मंजूर झाला. बाबुरावांच्या जागी शेजारच्या टेबलावरची योगिता बसली, कारण तिला बसायचंच होतं. हे विचारल्यावर कळतं, आबा! आणि जेवणाच्या वेळेचा एक नियम बायकांनीच केला. चंचलला विनोद कळल्याशिवाय पुढचा सांगायचा नाही. आधी मोबाइलवर लिहून चाललं, आता योगिता आणि आणखी दोघी तिच्याकडून हातांची भाषा शिकतायत. तोटा एवढाच झाला की नीट समजावून सांगायला गेलं, तर निम्मे विनोद विनोदच नव्हते असं निघालं. आणि चंचल शेठच्या चालण्याची नक्कल करते, ती इतकी हुबेहूब की परवा शेठ मागे उभे होते आणि त्यांनाही हसू आवरेना.

आमचे सर म्हणाले, अहवालात पद, पगार, सोयी सगळे लिहितात, हे कोणी लिहिलं नव्हतं.

आता ऐका. समारंभ अठरा मे रोजी आहे. दादा तुमच्या एका बाजूला वही घेऊन बसेल आणि सभागृहात जे बोललं जाईल ते लिहून दाखवेल. चंचललाही बोलावलं आहे, ती त्याच्या दुसऱ्या बाजूला. पण मागच्या चुकीवरून शहाणी झाले आहे, म्हणून विचारते. यायला आवडेल का तुम्हाला? नाही म्हणालात तरी माझा लोभ कमी व्हायचा नाही. म्हैस मात्र मध्ये आणू नका.

तुमची,
वर्षा

---

पारोळा
२६ मे २०२५

चि. वर्षा हिला आशीर्वाद, आणि आता शिकून मोठी झालीस म्हणून थोडा नमस्कारही.

सुखरूप पोचलो. मायने गाडीत सगळ्या डब्याला तुझा काळ्या झग्यातला फोटो दाखवला. एका बाईने विचारलं, मुलगी वकील झाली का? माय म्हणाली, त्याहून मोठी.

आता त्या दिवशीचं, जे तुला मंचाखालच्या रांगेतून नीट दिसलं नसेल. चेतन गुजरातीत लिहीत होता, मला आणि चंचलला दोघांनाही वाचता यावं म्हणून. अक्षर कोंबडीच्या पायांचं. प्रमुख पाहुण्यांनी काहीतरी सांगितलं आणि सगळं सभागृह हसलं. माझे ओठ सवयीने हलायला लागले होते. तेवढ्यात चंचलकडे नजर गेली. ती हसत नव्हती. वहीवर डोळे लावून वाट बघत होती. मग मीही थांबलो.

चेतनने लिहून वही मध्ये धरली. पाहुण्यांच्या बायकोने म्हणे त्यांना विचारलं होतं, बाहेर समतेवर भाषणं देता, मग घरी चहाचा कप कधी उचलणार? ते म्हणाले, तो विषय पुढच्या सत्रात आहे. मी वाचलं, चंचलने वाचलं आणि आम्ही दोघं हसलो. पण तोवर पाहुणे गंभीर विषयावर गेले होते आणि सभागृह चिडीचूप! सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मायने दंडाला चिमटा काढला. चेतनने वहीत तोंड लपवलं. पाहुणेसुद्धा बोलायचे थांबले.

मला थांबता येईना, पोरी. चंचलने माझ्याकडे बघितलं आणि ती आणखीच हसायला लागली. भर सभेत आम्ही दोघंच हसत होतो, आणि कशाला हसतोय ते आम्हाला पक्कं माहीत होतं.

दिवाळीला तूच येतेस, की आम्ही येऊ? विचारतोय.

आबा